न पिणाऱ्याचं लिव्हर

ज्यांच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' असं लिहून आलं आणि घरी पोहोचायच्या आत कुणीतरी त्यांच्या तोंडाचा वास घेतला, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. मी दारू पीत नाही. कधीच प्यायलो नाही. हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्यांदा बोललो की आता ते मलाच खोटं वाटायला लागलं आहे. म्हणून एकदाचं कागदावर ठेवतो आणि मोकळा होतो.

माझं नाव देवानंद. अर्जुनी मोरगावला बाजाराच्या रस्त्यावर माझं टेलरिंगचं दुकान आहे. एका मशीनवर मी बसतो, दुसऱ्यावर माझी बायको सुजाता. शाळेचे गणवेश, पँट-शर्ट मी शिवतो, ब्लाऊज ती. मी रागीट माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते दिसेलच.

अंगठा

होळी नुकतीच झाली होती. सकाळी उठून पाय खाली टेकवला आणि असा ओरडलो की सुजाता हातातली चहाची गाळणी घेऊन धावत आली. उजव्या पायाचा अंगठा लालभडक, वांग्यासारखा फुगलेला. चादर लागली तरी जीव जायचा.

"काटा गेला असन," सुजाता म्हणाली.

"चपलीतून काटा जाते का? काहीबाही बोलू नोको!"

शेजारचे रामाजी आले. ते आमच्या विहाराचे जुने कार्यकर्ते, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी अंगठा लांबूनच पाहिला आणि म्हणाले, "वात हाये. एरंडाचा पाला गरम करून बांध." बांधला. पाल्याने माझा पाय हिरवा झाला, वेदना तशीच राहिली.

लग्नसराईचे दिवस, दुकानात ब्लाऊजपिसांचा ढीग, आणि मशीनचं पायडल मी उजव्या पायाने मारतो. डाव्या पायाने मारून पाहिलं, तर मशीन उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. शेवटी गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासायला लावलं. युरिक ॲसिड चढलेलं निघालं. त्याच कागदावर लिव्हरचेही आकडे वाढलेले होते. ते म्हणाले, "गोंदियाले जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घे."

मला राग आला. दुखतो अंगठा आणि हा माणूस पाहायला सांगतो पोट!

आता वाटतं, पोटाकडे पाहायला मला डॉक्टर कशाला पाहिजे होता? माझ्या पँटी मीच शिवतो. दरवर्षी कमरेचा दाब, म्हणजे शिलाईत आत दुमडलेलं जास्तीचं कापड, उसवून थोडा थोडा सोडत आलो होतो. दाब संपला तेव्हा नवीन माप घेऊन नवीन पँट शिवली. दुसऱ्याची कंबर वाढली की मी थट्टा करायचो, स्वतःची वाढली तर कापड कमी पडलं म्हणायचो. दिवसभर बसून काम, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक चहा सांगणार, उन्हाळ्यात थंडा सांगणार, आणि नाही म्हणायचं म्हणजे त्याचा अपमान. पोट सुटलं की आमच्याकडे म्हणतात, बरं चाललंय याचं.

गोंदिया

सोनोग्राफीच्या टेबलावर त्यांनी पोटाला गार चिकट काहीतरी लावलं आणि मशीन फिरवलं. डॉक्टर पडद्याकडे पाहत म्हणाले, "लिव्हर पे चरबी है. ग्रेड टू."

"चरबी तं पोटावर हाये, साहेब," मी म्हटलं.

"अंदर भी है," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला आवाज दिला.

तिथून सुजाता आणि मी मोठ्या डॉक्टरांकडे. बाहेर बाकावर माणसं एकमेकांना चिकटून बसलेली. आमचा नंबर आला तेव्हा ते दमलेले होते. अंगठ्यासाठी गोळ्या लिहिल्या, वजन उतरवा म्हणाले, "मिठाई और तला हुआ बंद. परहेज से रहना, दो महीने बाद दिखाना." आम्ही मान हलवली. पथ्य म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. सुजाताने सोनोग्राफीचा कागद पुन्हा उघडला. मग तिने विचारलं, "लिव्हर म्हंजे, दादांले झालं होतं तेच ना?"

"तसंच काहीतरी असन."

थोड्या वेळाने ती माझी कॉलर नीट करायला वाकली. माझी कॉलर नीटच होती, टेलर आहे मी. तिने नाकाने श्वास ओढला तो मला ऐकू आला. वीस-बावीस वर्षांचा संसार, आणि बायको भर गाडीत आपल्या तोंडाचा वास घेते. मी खिडकीबाहेर तोंड केलं. त्या दिवशी मला लिव्हरपेक्षा तेच जास्त लागलं.

दादा

दादा म्हणजे यशवंत, माझा थोरला भाऊ. तो चोरखमाऱ्याच्या तलावावर पाटकरी होता. पाटाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं ते पाहायचं, दरवाजे उघडायचे, बंद करायचे. तिकडेच त्याने घर केलं. दिवसभर पाटावर एकटा. साखरेची बिमारी होती, पोट माझ्यासारखंच पुढे आलेलं. मग एका पावसाळ्यात त्याचं पोट भलतंच फुगलं, पाय सुजले, डोळे पिवळे पडले. दवाखान्यात पोटातून पाणी काढलं. 'लिव्हर खराब' एवढेच दोन शब्द घरी आले, आणि तेवढ्यावर न्याय होऊन गेला. पाटावर एकटा असतो, बाजूला मोहाची झाडं, कोण पाहतंय?

निर्मलावहिनी, त्याची बायको, वाईट बाई नाही. तिचा बाप दारूने गेलेला. लहानपणी तिने काय काय पाहिलं ते तिलाच माहीत. सोयरीक आली तेव्हा तिने एकच गोष्ट विचारली होती, "पोरगा पेत तं नाही?" अशा बाईच्या नवऱ्याचं लिव्हर गेलं. तिने त्याची खाट ओसरीवर काढली. जेवण द्यायची, औषध द्यायची, बोलायची नाही.

शेवटच्या दिवसांत मी तिथे होतो. दुपारची वेळ होती. दादाने तिला जवळ बोलावलं, कसाबसा उठून बसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "निर्मला, तुया डोक्यावर हात ठेवून सांगतो. मी येक थेंब बी नाही पेलो."

वहिनीने तो हात झटकला. "मरून राहिले तरी खोटं बोलता!"

हात खाटेच्या लाकडावर आपटला. दादा हात पोटावर घेऊन पडून राहिला. त्यानंतर तो फार दिवस जगला नाही.

दादा पीत नव्हता, हे मला माहीत होतं. आम्ही एका ताटात जेवून मोठे झालो. मी तसं सगळ्यांना सांगितलंही. पण लोक विचारायचे, "मंग लिव्हर कायनं गेला?" त्यावर मी भांडायचो, आणि भांडणारा माणूस खोटा दिसतो.

"माह्या डोक्यावर हात ठेवा"

गोंदियाहून घरी आलो. सुजाताने पाण्याचा गिलास पुढे ठेवला आणि समोर बसली. "येक करा. माह्या डोक्यावर हात ठेवून सांगा, पेत नाही म्हनून."

"नाही ठेवत."

"काऊन?"

"दादानं ठेवला होता. काय झालं त्याचं?" माझा आवाज चढला. "दर रविवारी विहारात पंचशील मी म्हनतो आन तू मांगून म्हनते. दारू पिणार नाही म्हनून भर लोकांत बोलतो मी. तेवढ्यानं होत नाही का तुयं?"

ती उठून आत गेली. तिने आतून वहिनीला फोन लावला होता, हे मला फार नंतर कळलं. वहिनी तिला म्हणाली होती, "मी बी आंधी भरोसाच ठेवला होता. तू नोको ठेवू. त्याच्या पिशव्या तपासून पाय."

रस

दुसऱ्या दिवसापासून पथ्य सुरू झालं. आमच्याकडे लिव्हर बिघडलं म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे उसाचा रस. यात डॉक्टरला काय विचारायचं? सुजाताच्या आईने फोनवर तेच सांगितलं, रामाजींनी तेच सांगितलं, गिऱ्हाइकांनीही तेच सांगितलं. तेलाची फोडणी बंद. हळद पिवळी, म्हणून हळद बंद. युरिक ॲसिडला डाळ वाईट असं कुणीतरी म्हणालं, डाळ बंद. मासोळी तर बंदच. मग माणसाने खायचं काय? भात. भातावर साखर. गुळाचं पाणी. ग्लुकोजची पावडर. आणि रस.

बस स्टँडजवळ रसवंती आहे. सुजाता भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन स्टीलची डोलची घेऊन जायची. बर्फ घालू नका, मसाला घालू नका, आमचा पेशंट आहे, असं त्याला बजावून ताजा काढून आणायची. सकाळी एक मोठा गिलास, दुपारी एक. मी मशीनवर असलो तर तिथेच हातात द्यायची आणि संपेपर्यंत उभी राहायची. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू? त्या पिळपिळीत भातानंतर तेवढंच तोंडाला बरं वाटायचं.

आणि मला वाटायचं, हिचा संशय गेला. जी बाई माझ्यासाठी एवढ्या उन्हात जाते, ती मला खोटा कशी मानेल? एकदा दुकानातली कतरणीची गोणी उलटी झालेली दिसली. चिंध्या सगळीकडे पसरलेल्या. "उंदीर झाला," ती म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी उंदराचं औषध आणून ठेवलं. असा मी शहाणा.

पँटचा दाब पुन्हा कमी पडायला लागला होता. पथ्यावर असलेल्या माणसाची कंबर वाढते, यात काही चुकतंय असं घरातल्या दोन्ही टेलरांच्या डोक्यात आलं नाही.

मागची रांग

गावात गोष्ट पसरायला काय लागतं? 'देवानंदचं लिव्हर' हे दोन शब्द पुरले. दुकानात येणारा एक जण माप देता देता म्हणाला, "भाऊ, आता तरी सोडा." मी टेप त्याच्या गळ्यातच सोडून आत निघून गेलो.

आमच्या विहारात रविवारी वंदना होते. बरीच वर्षं ती मीच घेत आलो. पुढे बसून मी म्हणायचं, बाकीच्यांनी माझ्यामागून. पाचव्या, दारूच्या शिलाशी आलो की लोक एकमेकांकडे पाहायला लागले. एका रविवारी रामाजींनी मला बाजूला घेतलं.

"देवानंद, मी काही म्हनत नाही. पन लोकं बोलून राहिले. बरा होयेपर्यंत वंदना दुसऱ्याले घेऊ दे."

"लोकं म्हंजे कोन? नावं सांगा मले."

"भडकू नोको ना बापा. बिमार मानूस हायेस तू."

मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. पाचवं शील आलं तेव्हा मी ते इतक्या मोठ्याने म्हटलं की पुढच्या बायका दचकून वळल्या. सुजाता वळली नाही. तिची पाठ तेवढी दिसत होती. घरी येताना मला रडू आलं. रस्त्यातल्या नळावर मी तोंड धुवायचं निमित्त केलं, ती पुढे चालत राहिली.

माझ्या मनात तेव्हा एकच भीती होती. मीही दादासारखा मरणार, आणि मेल्यावर ही बाई लोकांना सांगणार की आमचेही पीत होते.

कौन सा रस?

उन्हाळा सरता सरता अंगठा पुन्हा पेटला, या वेळी घोट्यासकट. सुजाता मला धरून गोंदियाला घेऊन गेली. नवीन रक्त तपासलं. डॉक्टरांनी जुना कागद आणि नवीन कागद शेजारी ठेवले.

"ये तो और बढ़ गया." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सच बताओ, कितनी लेते हो?"

"नाही घेत."

"थोड़ी? हफ्ते में एकाध बार?"

"साहेब, नाही घेत म्हनलं ना!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की बाहेरचा माणूस दार ढकलून डोकावला. मला वाटलं, आता तरी सुजाता माझ्या बाजूने बोलेल. ती बोलली, पण डॉक्टरांशी, आणि भराभर, कुणी थांबवेल या भीतीने.

"साहेब, मी घर पालथं घातलं. दुकानातली गोनी पायली, यायच्या पिशव्या पायल्या, मोरीच्या मांगं पायलं. काहीच नाही भेटलं. पथ्य तं मी येवढं करून राहिली. तेल नाही, हळद नाही, डाळ नाही. रोज दोन खेपा ताजा रस आनून देऊन राहिली. तरी वाढते, म्हंजे बाहेरच पेत असन ना हे?"

उंदीर कोण होता ते तेव्हा मला कळलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडेच पाहत होती.

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. "एक मिनट. कौन सा रस?"

"उसाचा. लिव्हरसाठी."

"रोज?"

"रोज. दोन गिलास. आन गुळाचं पानी, ग्लुकोज."

ते खुर्चीत मागे टेकले. पहिल्यांदाच ते घाईत नव्हते. त्यांनी सांगितलं की ही कावीळ नाही. हा साखरेचा आणि चरबीचा आजार आहे. गोड जितकं जास्त जाईल तितकी लिव्हरवर चरबी चढते, आणि त्याच गोडाने युरिक ॲसिडही चढतं. रस मिठाईच्या दुकानात मिळत नाही म्हणून तो औषध होत नाही. मग ते म्हणाले, "शराब के बिना भी लिव्हर खराब होता है. मेरे पास रोज ऐसे लोग आते हैं."

"साहेब," मी म्हटलं, "हे पुन्हा बोला. मराठीत बोला. आन हिच्याकडे पाहून बोला."

त्यांनी ते केलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. तिच्याकडे वळून ते मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "ताई, दारू नाही पिली तरी असा होते."

मला एवढा आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला. जिंकल्याचा आनंद. तो क्षणभरच टिकला, कारण सुजाताने अगदी बारीक आवाजात विचारलं, "मंग मीच पाजलं का जी, साहेब?"

"प्यार से पिलाया. अब बंद करो."

ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि तिथून उठेना. मी तिला रागावलो, समजावलं, शेवटी म्हटलं, "अवं, प्यायलो तं मीच ना? आन आवडीनं प्यायलो! गिलास चाटून पुसून ठेवत होतो!" शेजारची अनोळखी बाई हसली. सुजाता हसली नाही, पण उठली.

कडक

डॉक्टरांनी नागपूरला एक तपासणी करायला पाठवलं. बरगड्यांच्या मधे एक कांडी ठेवून टकटक करतात आणि लिव्हर मऊ आहे की कडक ते सांगतात. माझं कडक व्हायला लागलं होतं. फार नाही, पण लागलं होतं. "आता सावरलं तर मागे फिरू शकते," रिपोर्ट पाहून गोंदियाचे डॉक्टर म्हणाले. नाही सावरलं तर काय होतं, ते मी विचारलं नाही. मी ते ओसरीवरच्या खाटेवर पाहिलं होतं.

त्याच खेपेला मी डॉक्टरांना दादाचं सांगितलं. साखरेची बिमारी, पोट, सगळं. ते म्हणाले, "बिना देखे मैं कैसे बोलूँ? उनके कागज हैं?" नव्हते. "मगर नहीं पीते थे, ये पक्का है?" पक्कं आहे, मी म्हटलं. "तो यही हो सकता है. भाइयों में चलता है." 'हो सकता है' एवढंच. पण तेवढंही मला इतक्या वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

आता आमचं घर कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. माझं पाहून तुमच्या गोळ्या ठरवू नका, ते काम तुमच्या डॉक्टरांचं. आमच्या ताटात भाताचा डोंगर असायचा, आता वाटी असते. डाळ परत आली, हळद आली, जेवण पुन्हा जेवणासारखं झालं. बिनसाखरेचा चहा पहिल्या दिवशी भांडी विसळलेल्या पाण्यासारखा लागला, आता चालतो. गिऱ्हाइकाने थंडा सांगितला की मी म्हणतो, मला चालत नाही, आणि त्याला वाईट वाटलं तर वाटू देतो. सकाळी आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर फिरायला जातो. सुजाता माझ्यापेक्षा भरभर चालते आणि पुढे जाऊन थांबते. मागच्या महिन्यात मी माझ्या पँटचा दाब आत घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. तिने शिलाई घातली, मी उभा होतो.

बरा झालो का? नाही. अंगठा गप्प आहे, वजन उतरतंय, पण पुढची टकटक अजून व्हायची आहे. कुठे पोटात दुखलं की मी आरशापुढे जाऊन डोळ्यांचा पिवळेपणा शोधतो. सुजाता मला तसं करताना पकडते आणि दिवा बंद करते.

एका रविवारी वंदना संपली आणि ती सगळ्यांसमोर उभी राहिली. चार लोकांत कधी तोंड न उघडणारी बाई. "हे पेत नाही," ती म्हणाली. "पेलेच नाही कधी. बिमारी चरबीची हाये, आन वाढली ती मी रोज रस पाजला म्हनून." रामाजी खाली मान घालून चष्मा पुसत बसले. पुढच्या रविवारी त्यांनी पुढची चटई माझ्यासाठी रिकामी ठेवली होती, मी तिच्यावर जाऊन बसलो.

पण त्या दिवशी बाहेर चपला घालताना एका म्हातारीने विचारलं, "मंग बापा, तुमचा यशवंत?"

चोरखमारा

वहिनीला सांगायचं की नाही, यावर आमचं पंधरा दिवस वाजत होतं.

"नोका सांगू," सुजाता म्हणायची. "मेलेला मानूस वापस येते का? बाईले जगू द्या."

"आन त्याचं नाव? तसंच राहू देऊ?"

"मले मालूम हाये कसं लागते ते. मी तं तुमी असतानी माही चूक सुधारली. थे बाई आता कोनासमोर सुधारन?"

तिचंही खरं होतं. मी विषय सोडायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच काढायचो. मग एका दुपारी वहिनीचाच फोन आला. सुजाताने उचलला. पलीकडून वहिनीने माझ्याबद्दल विचारलं, "देवा अजून पेते का?"

सुजाताने फोन ठेवला आणि म्हणाली, "चला."

गोंदियापर्यंत गाडी, पुढे तिरोड्याकडची बस, मग चोरखमारा. वाटेत धानाच्या बांध्यांत पाणी चमकत होतं आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. एकही जमलं नाही.

वहिनी त्याच ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून म्हणाली, "बारीक झाला रे देवा." मग सुजाताला, "भेटलं का काही?"

सुजाता तिच्याजवळ खाली बसली. "काही नाही भेटलं, बाई. काही नव्हतंच." आणि तिनेच सगळं सांगितलं. गोणी, पिशव्या, रस, डॉक्टर. दारू नाही पिली तरी असं होतं, हे त्यांचं वाक्य तिने जसंच्या तसं म्हटलं. मी उभाच होतो. वहिनीचे हात सुपात चालत राहिले. खडा दिसला की काढायचा, बाजूला ठेवायचा. मग हात थांबले.

"मंग हे बी?" तिने माझ्याकडे न पाहता विचारलं.

"डॉक्टर म्हनते, असू शकते," मी म्हटलं. "कागद नाही, म्हनून पक्कं नाही सांगत तो. पन वहिनी, पीत नव्हता दादा. हे मले पक्कं मालूम हाये."

समोर पाटाचं पाणी वाहत होतं. तिने सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले.

"त्यायनं माह्या डोक्यावर हात ठेवला होता," ती म्हणाली. "तू होता ना तवा?"

"होतो."

"मी झटकून देल्ला."

सुजाताने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने हळूच बाजूला केला. मला म्हणाली, "इकडं ये. बस."

मी तिच्यासमोर बसलो. दादासारखेच माझे हात आहेत, रुंद आणि आखूड बोटांचे. तिने माझा उजवा हात उचलला, थोडा वेळ तसाच धरून पाहिला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"आता सांग," ती म्हणाली.

"दादा पेत नव्हता, वहिनी. येक थेंब बी नाही."

तिने डोळे मिटले. माझ्या हाताखाली तिचं डोकं गदगदा हलत होतं, आणि तिने हात झटकला नाही.